विद्यार्थ्यासाठी स्वस्तातला इंक पेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी अक्षर सुधारायला मुलं येतात. न्यायला आलेले आईबाबा दारातच चपला अडकवता अडकवता विचारतात, "काकू, इंक पेन कोणता घेऊ?" आणि मग रात्री व्हॉट्सॅपवर फोटो येतो, हा चालेल का. शाळा सुरू व्हायच्या वेळी तर रोज दोन-तीन. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवलीत. किमती अंदाजाने दिल्यात, दुकानागणिक थोडा फरक पडतो.

१. जेल पेन १० रुपयांना मिळतो, मग इंक पेनच्या भानगडीत पडायचंच कशाला?

बॉलपेनची शाई घट्ट असते, पेस्टसारखी. ती कागदावर यायला टोकाची गोळी फिरावी लागते आणि गोळी फिरायला हाताने दाब द्यावा लागतो. इंक पेनची शाई पाण्यासारखी पातळ, निबच्या मधल्या चिरेत ती आधीच येऊन थांबलेली असते, निब नुसती टेकली की कागद तिला ओढून घेतो, दाबायचं कामच नाही. ज्या मुलांच्या कॉपीचं (म्हणजे वहीचं) पान मागून चाचपलं तर अक्षरं बोटाला लागतात ना, त्यांना हा फरक पहिल्या आठवड्यातच कळतो, अर्ध्या पानानंतर हात दुखायचा तो दुखत नाही. जेल पेनला दाब कमी लागतो हे खरं, पण तो इतका घसरतो की लहान मुलाचं अक्षर त्याच्यामागे फरफटत जातं, हे माझं मत, काहींना जेल पेनच बरा वाटतो आणि त्यांचं अक्षरही छान असतं.

नुसता इंक पेन दिला आणि अक्षर सुधारलं असं मात्र होत नाही. हात हलका होतो आणि वेग थोडा कमी होतो, त्यामुळे सुधारायला जागा मिळते, एवढंच. सराव करावाच लागतो.

२. कितवीपासून द्यावा? आमची तिसरीत आहे आणि हट्ट धरून बसलीय.

बऱ्याच शाळा चौथी-पाचवीत पेन्सिल सोडवून पेन देतात, तेव्हापासून द्यायला हरकत नाही. तिसरीत द्यायचा असेल तर घरी, रोज एक पान, शाळेत नको. मी वयापेक्षा पकड बघते. पेन्सिलचं टोक दर दहा मिनिटांनी मोडत असेल तर अजून थांबा, ते मूल निब महिनाभरात उघडी करून ठेवेल.

३. बजेट किती ठेवू? ५० चा घेऊ की ५०० चा?

पहिला पेन ५० ते २०० रुपयांत घ्या. हे मी पैसे वाचवायला म्हणून सांगत नाहीये. पहिल्या तीन महिन्यांत पेन पडणार, टोपण हरवणार, कोणीतरी बेंचखालून लाथ मारणार, हे धरूनच चालायचं. पेन महाग असला की घरातले ओरडतात आणि मग मूल पेन बस्त्यातून (म्हणजे दप्तरातून) बाहेरच काढत नाही, तिथेच जपून ठेवतं आणि मित्राच्या बॉलपेनने लिहितं. असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधीच बजावून सांगते.

पेन टिकला आणि मुलाला आवडला तर दुसरा ३०० ते ६०० चा घ्या. शाळेत असेपर्यंत त्याहून महाग घ्यायची गरज नाही. लॅमी सफारी वगैरे २००० च्या पुढे जातात, चांगले आहेत, सफारीची पकड तिकोनी आहे म्हणून बोटं जागेवर बसतात, पण ते कॉलेजात गेल्यावर, आणि स्वतःहून मागितला तर.

४. काकू तुम्ही सरळ नाव सांगा ना, कोणता घेऊ?

बरं. अगदी पहिला म्हणून कॅमलिनचे किंवा फ्लेअरचे शाळेचे साधे पेन, ५०-१०० च्या आसपास मिळतात, हलके असतात आणि हरवले तर रडू येत नाही. त्याच्या थोडं वर क्लिकचे कन्व्हर्टरवाले (आत शाई ओढणारा छोटा पंप असलेले, प्रश्न ६ बघा) पेन, मला या किमतीत सगळ्यात जास्त समाधान यांनीच दिलंय. कानपूरचे कॅनराइट पण छान, त्यांची निब सुटी मिळते, म्हणजे निब वाकली तर अख्खा पेन टाकावा लागत नाही. पार्कर वेक्टर सगळीकडे मिळतो, मजबूत आहे, थोडा बारीक आहे म्हणून मोठ्या हाताच्या मुलांना टोचतो.

दुसरा पेन म्हणून प्लॅटिनम प्रेपी. जपानी आहे, दिसायला साधा पारदर्शक प्लास्टिकचा, पण टोपणाच्या आत आणखी एक घट्ट टोपी असते, त्यामुळे शाई वाळत नाही, कंपनीचा दावा वर्षभराचा आहे. माझा एक प्रेपी दिवाळीच्या सुट्टीत ड्रॉवरमध्ये विसरला होता, परत काढला तर पहिल्याच अक्षराला चालला. अडचण एकच, त्याला प्लॅटिनमचीच काट्रिज (शाईची बंद नळी) लागते, दुसऱ्यांची बसत नाही.

चिनी पेनांसाठी प्रश्न १६ बघा.

५. निब एफ घ्यायची की एम? दुकानदार म्हणतो सगळं सारखंच.

सारखं अजिबात नाही, आणि आपल्या मुलांसाठी तर नाहीच. एफ म्हणजे बारीक, एम म्हणजे मध्यम, ईएफ म्हणजे अजून बारीक. इंग्लिशमध्ये लिहायला एम चालून जाते, अक्षरं मोकळी असतात. आपली मुलं मात्र हिंदी, मराठी, संस्कृत लिहितात. देवनागरीत ध आणि भ ची गाठ, थ चा वळसा, क्ष, ज्ञ, वर रफार, खाली उकार, त्यावर अनुस्वार, हे सगळं एका रेघेच्या आत बसवायचं असतं. एम निबने शाळेच्या कॉपीत लिहिलं की ध ची गाठ भरून जाते आणि तो घ दिसायला लागतो. माझ्याकडे एक सहावीतला मुलगा येतो, त्याला हिंदीत शुद्धलेखनाचे मार्क सतत कापले जात होते, मी त्याची कॉपी भिंगाखाली धरून पाहिली तर त्याने लिहिलेलं बरोबर होतं, ध च होता, नुसता शाईने बुजला होता. निब बदलली, प्रश्न मिटला.

म्हणून एफ. जपानी पेन असेल तर त्यांची एफ आपल्या किंवा जर्मन एफपेक्षा बारीक येते, तेव्हा अक्षर मोठं असेल तर जपानी एमसुद्धा चालेल. ईएफ पहिल्या पेनला नको, हात जड असला की ती कागद खरवडते.

काही जण विचारतात की मग पूर्वी बोरूने लिहायचे तो तर जाड असायचा. हो, पण त्याचं टोक तिरकं कापलेलं असायचं, आणि देवनागरीचा काप रोमनच्या उलट्या बाजूचा असतो, त्यामुळे जाड-बारीक आपोआप योग्य जागी पडायचं. होळकरांच्या दफ्तरातली मोडी कागदपत्रं कधी बघायला मिळाली तर जरूर बघा, आधी अख्खी रेघ ओढून घेतलीय आणि मग तिला लटकावत अक्षरं, हात फारसा उचललेलाच नाही. दुकानातल्या आजच्या निबचं टोक गोल असतं, तिच्यात ते जाड-बारीक येत नाही. हौस असेल तर सुलेखनाची कट निब वेगळी घ्या, शाळेच्या पेनला लावू नका.

६. ड्रॉपरने भरायचा, कन्व्हर्टरचा की काट्रिजवाला, यात काय फरक?

ड्रॉपरचा म्हणजे आजोबांच्या वेळचा, पेन उघडायचा आणि पोटातच शाई ओतायची. शाई भरपूर मावते, २-३ मिली सहज, आठवडा-आठवडा बघायला नको. पण भरताना सांडते, आणि शाई संपत आली की ठिपके टाकतो (का ते प्रश्न ११ मध्ये).

कन्व्हर्टर म्हणजे आत बसणारा छोटा पंप, निब दौतीत बुडवून मागचं फिरवलं की शाई वर चढते. मावते साधारण पाऊण मिली. काट्रिज म्हणजे शाईची बंद नळी, संपली की फेकायची.

शाळेसाठी मी कन्व्हर्टर सांगते. ६० मिलीची बाटली घेतली तर पाऊण मिलीच्या हिशोबाने ८० वेळा पेन भरतो, एका वेळेत एफ निबने १० पानं धरली तरी ८०० पानं. काट्रिजने तेवढंच लिहायला ८० नळ्या लागतील, हिशोब तुम्हीच करा. काट्रिज फक्त परीक्षेला किंवा गावाला जाताना एक-दोन बरोबर ठेवा. रिकामी नळी इंजेक्शनच्या सिरिंजने परत भरता येते, ते काम मोठ्यांनी करायचं आणि सुई लगेच वेगळी करून टाकायची.

७. इंदूरमध्ये कुठे मिळेल? आणि दुकानात बघायचं काय?

खजुरी बाजारात जा. पुस्तकं-कॉप्यांची इतकी दुकानं एका रांगेत दुसरीकडे नाहीत, राजवाड्यापासून चालत. दुकानात "फाउंटन पेन" म्हणालात तर नवीन मुलगा जेल पेनचा डबा समोर ठेवतो, "निब वाला इंक पेन दिखाओ भैया" म्हणा, मग खालच्या खणातून खोका निघतो. भंवरकुआला कोचिंगवाल्या भागातही काही दुकानांत मिळतात, पण तिकडे निवड कमी. ऑनलाइन घेतलात तर हातात धरून बघता येत नाही, आणि पहिल्या पेनला ते बघणं गरजेचं आहे.

दुकानात या क्रमाने बघा. टोपण लावा आणि पेन उलटा धरून हलका हलवा, टोपण सुटता कामा नये, आटे असतील तर दीड-दोन फेऱ्यांत घट्ट बसायला हवं. टोपणाच्या आत उजेडात डोकावून बघा, आत छोटी दुसरी टोपी किंवा गोल कडा दिसली तर शाई वाळणार नाही. मग निब समोरून डोळ्यांच्या रेषेत धरा, मधल्या चिरेच्या दोन्ही बाजू टोकाला सारख्या उंचीवर हव्यात, एक वर एक खाली असेल तर दुसरा पेन मागा. निबच्या खाली जी काळी खाचाखाचांची पट्टी असते, जीभ म्हणतो आपण, ती निबच्या बरोबर मधोमध आणि चिकटून बसलेली हवी, मध्ये फट दिसली तर तो पेन पहिल्या दिवसापासून त्रास देणार.

शेवटी दुकानदाराला दौत मागा आणि निब नुसती बुडवून लिहून बघा. मुलाला लिहायला द्या, तुम्ही नको. आठ-दहा शब्द, नुसत्या गोल रेघा नकोत, गोल रेघा प्रत्येक पेनने छान येतात. स्वतःचं नाव आणि "क्षत्रिय", "धृतराष्ट्र", "श्रद्धा" असे अवघड शब्द लिहायला लावा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही, म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

८. शाई कोणती भरायची?

रॉयल ब्लू, कॅमलिनची किंवा सुलेखाची, बाटलीतली. पातळ असते, पेनमध्ये जमत नाही, कपड्यावरून बऱ्यापैकी निघते आणि सगळ्या शाळांना चालते. कॅमलिन आपल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासूनच सुरू केलेली, तेव्हा शाईची पूड आणि गोळ्या विकायचे. सुलेखा बंगालची, १९३४ ची, स्वदेशीच्या काळातली. मध्ये बंद होती, आता परत मिळायला लागलीय याचा मला फार आनंद आहे.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया मिसळू नका, कधी कधी गाळ तयार होतो. रंग बदलायचा तर आधी पेन धुवा (प्रश्न १२). आणि बाटलीवर वॉटरप्रूफ किंवा ड्रॉइंग इंक लिहिलं असेल तर ती पेनमध्ये चुकूनही नाही, शेवटचा प्रश्न वाचा.

९. पेन चांगला आहे तरी कॉपीत शाई फुटते, मागच्या पानावर उतरते. पेन बदलू का?

पेन नको, आधी कागद बघा. त्याच पेनने झेरॉक्सच्या ७५ जीएसएमच्या कोऱ्या कागदावर लिहून बघा, तिथे रेघ स्वच्छ आली तर दोष कॉपीचा. पातळ, सच्छिद्र कागद टीपकागदासारखा शाई पितो. कॉपी घेतानाच पेन बरोबर न्या आणि शेवटच्या पानावर एक शब्द लिहून बघा. एकाच कंपनीच्या दोन गठ्ठ्यांतसुद्धा कागद वेगळा निघतो, म्हणून नावावर विश्वास ठेवून डझनभर एकदम उचलू नका.

कॉपी शाळेनेच दिलेली असेल आणि बदलता येत नसेल तर निब बारीक करा आणि रॉयल ब्लूच वापरा, काळी शाई बहुतेक वेळा जास्त फुटते असा माझा अनुभव आहे. दाबून लिहिलं की चीर उघडते आणि शाई जास्त सुटते, तेही बघा.

१०. नवाकोरा पेन, पहिल्या दिवसापासून तुटक चालतोय. दुकानदार परत घेत नाही. काय करू?

घाबरू नका, दहातले सात पेन घरीच ठीक होतात. नव्या पेनच्या जिभेत बनवताना लागलेला तेलकटपणा राहतो आणि शाई त्याला चिकटत नाही. कोमट नाही, साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने ते पाणी दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत, मग निब खाली करून कापडात रात्रभर उभा ठेवा. सकाळी भरा.

तरी तुटतोय? मग भिंग घ्या आणि टोकाच्या दोन्ही बाजू बघा, प्रश्न ७ मध्ये सांगितलं तसं. वरखाली असतील तर जी बाजू खाली आहे तिला अंगठ्याच्या नखाने अगदी हलकं वर ढकला, एकदा, मग परत बघा. फार घाई करू नका. चिरेत ब्लेड घालून फट मोठी करायचा सल्ला खूप जण देतात, मी देत नाही, आतली बाजू कापली जाते आणि मग तो पेन कायमचा खरखरतो.

आणि एक गोष्ट जी कोणाच्या लक्षात येत नाही. पेन पानाच्या वरच्या अर्ध्यात मस्त चालतो आणि खालच्या अर्ध्यात तुटतो, असं होतंय का? मग दोष हाताचा. पानाच्या खालच्या भागावर तळहात टेकलेला असतो, घाम आणि तेल कागदाला लागतं, आणि तेलकट जागी पाण्याची शाई बसत नाही. आपल्याकडे तर मूल संध्याकाळी शेव खातं आणि तसंच अभ्यासाला बसतं. एका मुलीचे दोन पेन बदलून झाले होते, तिसरा घ्यायच्या आधी आई माझ्याकडे आली. मी तिला समोर बसवून लिहायला सांगितलं, पाचव्या ओळीपासून तुटायला लागलं, पान उजेडात तिरकं धरलं तर तळहाताचा चकचकीत ठसा दिसला. हात धुऊन ये म्हटलं, हाताखाली कोरा कागद ठेवला, त्याच पेनने अख्खं पान लिहून झालं. आईने तिथेच डोक्याला हात लावला.

११. बस्त्यात गळतो. एप्रिल-मे मध्ये तर फारच.

पेनच्या पोटात शाईबरोबर हवा असते. शाई जाईल तेवढी हवा आत यावी आणि हवा आल्याशिवाय शाई जाऊ नये, हे काम जिभेच्या खाचा करतात. वॉटरमनने १८८४ मध्ये याच गोष्टीचं पेटंट घेतलं म्हणून तर खिशात ठेवता येणारा पेन बनला. पण आतली हवा गरम झाली की फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन जितका रिकामा तितकी हवा जास्त आणि तितका ठिपक्यांचा धोका जास्त. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या व्हॅनमध्ये बस्ता राहिला तर कुठलाही पेन गळेल, त्यात पेनचा दोष नाही. ड्रॉपरच्या पेनला तर नुसती तळहाताची ऊब पुरते.

उपाय साधे आहेत. पेन भरलेला ठेवा, एक तृतीयांश उरला की भरून घ्या. बस्त्यात निब वर करून उभा, कंपासपेटीत आडवा नको. ड्रॉपरच्या पेनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, व्हॅसलिन नको, ते रबराला आणि काही प्लास्टिकला खराब करतं. आणि मुलं पेन झटकतात ती सवय मोडा, समोरच्याच्या पाठीवर ठिपके पडतात आणि मग भांडणं.

१२. धुवायचा कधी आणि कसा?

रोज वापरात असेल तर महिन्यातून एकदा. साधं गार पाणी, निब बुडवून आत-बाहेर, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, जीभ वाकडी होते. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक तडकतं. सुट्ट्या लागल्या की रिकामा करून, धुऊन, वाळवूनच ठेवा.

पाण्याबद्दल आपल्या शहरात बोलावं लागतं. १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, ते चालतं. पण नव्या कॉलन्यांमध्ये बोअरचंच पाणी असेल तर ते जड असतं, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तसाच जिभेच्या खाचांत बसतो. अशा घरी शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा, अर्धी वाटी पुरे.

१३. पेन निबवर पडला. वाकली. सरळ करता येते?

थोडी वाकली असेल आणि पेन स्वस्त असेल तर प्रयत्न करा. पण सुटी निब मिळत असेल तर सरळ तीच बदला, निब आणि जीभ एकत्र ओढली की निघतात, बसवताना दोन्ही मध्यरेषेत. टोकाला जो छोटा कडक मणी असतो तोच तुटला असेल तर काहीच करू नका, ती निब गेली.

१४. मुलगा डावखुरा आहे, इंक पेन जमेल?

जमेल. हात ओळीच्या खाली ठेवून लिहीत असेल तर काहीच अडचण नाही, ओली शाई हाताखाली येतच नाही. हात वरून वळवून लिहीत असेल तर अक्षरं पुसली जातात. त्याला एफ किंवा ईएफ निब द्या, कॉपी घड्याळाच्या दिशेने थोडी तिरकी ठेवायला शिकवा म्हणजे हात हळूहळू खाली येतो. हात बदलायला लावू नका, कृपा करून. अजूनही एखादे आजोबा सांगतात उजव्याने लिही, त्यांना मी प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणते.

१५. परीक्षेत इंक पेन चालतो का? आणि कॉपी भिजली तर?

सीबीएसईत निळ्या किंवा रॉयल ब्लू रंगात इंक पेन, बॉलपेन, जेल पेन तिन्ही चालतात. बाकी बोर्ड, कॉलेज किंवा एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या) मेन्सला प्रवेशपत्रावर जे लिहिलंय तेच धरा, दरवेळी वाचा. ओएमआर शीट (गोल भरायची उत्तरपत्रिका) आली की इंक पेन बाजूला, मेडिकल प्रवेशाच्या "नीट" परीक्षेचे गोल बॉलपेननेच भरायचे.

बोर्डाच्या पेपरला नवा पेन नेऊ नका, निदान महिनाभर वापरलेला न्या, आदल्या रात्री भरा, दोन काट्रिज किंवा दुसरा भरलेला पेन बरोबर असू द्या, आणि बाटली बरोबर अगदी नको. रॉयल ब्लू पाण्याने धुऊन निघते हेही खरं, त्यामुळे पाण्याची बाटली बाकाखाली ठेवायला शिकवा, बाकावर नाही.

१६. ऑनलाइन चिनी पेन २००-३०० ला दिसतात, धातूचे, एकदम भारी. घेऊ?

जिनहाओ वगैरे वाईट नाहीत, कन्व्हर्टर बरोबर येतो आणि निब बऱ्याचदा गुळगुळीत. पण धातूचे पेन जड असतात, दहा वर्षांच्या हाताला तीन पानांनंतर ते जाणवतं. निब बहुतेक मध्यम, आणि मध्यमची अडचण प्रश्न ५ मध्ये लिहिलीय. हिरो आपल्या वडिलांच्या पिढीचा लाडका, निब झाकलेली, मागे पिळून भरायचा, छान चालायचा, आता त्याच्या नकलाही भरपूर. आठवी-नववीच्या पुढे हौसेने घ्या, पहिला म्हणून नको.

१७. मैत्रीण पेन मागते. दुसऱ्याला दिला की निब बिघडते हे खरं का?

निब हाताला "बसते" असं म्हणतात, त्यात फार तथ्य नाही, टोकाचा मणी इतका कडक असतो की तो झिजायला वर्षं लागतात. पण बॉलपेनची सवय असलेल्या मुलीने दोन मिनिटं दाबून लिहिलं तर चीर फाकते, ते खरं आहे. म्हणून मी मुलांना सांगते, बस्त्यात एक बॉलपेन ठेवायचा आणि कोणी मागितलं की तो द्यायचा. मैत्रीही राहते.

१८. पांढऱ्या युनिफॉर्मवर डाग पडलाय!

चोळू नका. कापड उलटं करा आणि डागाच्या मागच्या बाजूने नळाची गार धार सोडा, बराच वेळ, शाई आली त्या वाटेने परत जाते. मग साबण. डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री नको. रॉयल ब्लू असेल आणि त्याच दिवशी धुतलं तर बहुतेक निघतो.

१९. आजोबांचा जुना पेन सापडलाय, तो नातवाला देऊ का?

द्या, पण शाळेत नेऊ देऊ नका. निबवर १४ कॅरट किंवा ५८५ कोरलेलं असेल तर ती सोन्याची आहे, मऊ असते, मुलाच्या दाबाला टिकणार नाही. जुन्या पेनातली रबराची पिशवी बहुतेक कडक होऊन तुटलेली असते, ती बदलून मिळते. शाई वाळून दगड झाली असेल तर निबचा भाग साध्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत, दोन-तीन दिवस. एकच अपवाद, पेन एबोनाइटचा म्हणजे कडक काळ्या रबराचा असेल तर अख्खा बुडवून ठेवू नका, वरचा काळा रंग तपकिरी पडतो, फक्त निब बुडेल एवढंच पाणी घ्या.

२०. मुलाने चुकून पेनमध्ये ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई भरली. गेला का पेन?

कधी भरली त्यावर आहे. त्या शाईत लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, वाळला की पाण्यात विरघळत नाही आणि जिभेच्या खाचा कायमच्या बंद होतात. आजच भरली असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी पेन नळाखाली धरा, रिकामा करा, साबणाच्या थेंबाच्या पाण्याने वीस वेळा आत-बाहेर, मग रात्रभर त्याच पाण्यात निब बुडवून. सकाळी परत. आठवडा झाला असेल तर निब आणि जीभ ओढून काढा, जुन्या मऊ टूथब्रशने खाचा घासा. त्यानेही चालला नाही तर तेवढा भाग नवा घ्या, आणि ती ड्रॉइंगची बाटली पेनच्या शाईपासून वेगळ्या कपाटात ठेवा.